सगळ्यांत पुढची जागा

रणधीर इंगवलेने गाडीच्या नाकावरची जागा दुसऱ्या माणसाला कबूल केली, त्या सकाळी गाडी हातभर लांब झाली. शैलजाने टेप लावून मोजली. आदल्या दिवशी शेडच्या दारापासून चार बोटं आत असलेलं नाक आता उंबऱ्याबाहेर आलं होतं, आणि पुढची दोन्ही चाकंही त्याच्यासोबत गेली होती.

"अहो, गाडी वाढलीय," ती नवऱ्याला म्हणाली.

"बरं झालं," रणधीर म्हणाला. "मगदूमशेठचा फोटो कुठं बसवायचा, त्याच्याच घोरात होतो."

आता या माणसापुढं डोकं तरी किती फोडायचं. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या त्या पत्र्याच्या शेडात इंगवल्यांची रेसिंग टीम म्हणजे सगळी मिळून तीन माणसं. रणधीरनं इंजिन बघायचं आणि स्पॉन्सर गाठायचे. शैलजानं टायरची हवा, फेऱ्यांच्या वेळा, डबे आणि स्टिकर बघायचे. आणि चालवायची ती त्यांच्या मुलीनं, केतकीनं. एका माणसापुरती, उघड्या चाकांची गाडी. रविवारी माळावरच्या ट्रॅकवर निवडीची शर्यत होती. पहिला येईल त्याला वरच्या वर्गातली सीट, बाकीच्यांनी घरचा रस्ता धरायचा. केतकीला एकोणीस संपत आलं होतं. वीस झालं की या वर्गात घेत नाहीत. म्हणजे हा रविवार गेला की सगळंच गेलं, आणि हे तिघांनाही पक्कं ठाऊक होतं.

स्पॉन्सर मिळत नव्हते असं नाही. मिळायचे. पण रणधीरला समोरच्या माणसाला नाही म्हणता येत नाही, हा इंगवल्यांच्या घराण्याचाच रोग. फौंड्रीवाल्या खोतसाहेबांना त्यानं शब्द दिला होता, "साहेब, सगळ्यांत पुढं तुमचाच फोटो." तोच शब्द चहा पावडरीच्या मगदूमशेठना दिला. बाहेरगावच्या टीम कंपनीचं नाव लावतात. आपल्याकडं माणसाचा फोटो लागतो, चौकातल्या वाढदिवसाच्या बोर्डासारखा, फेट्यासकट.

शैलजानं साबणाचं पाणी मारून मगदूमशेठना नव्या नाकावर चिकटवलं आणि हेअर ड्रायर फिरवून त्यांच्या गालावरची सुरकुती काढली. दुपारी खोतसाहेब आले. आपला फोटो दोन नंबरला गेलेला त्यांनी पाहिला. पुढ्यातला चहा बाजूला सारला. हा रुसवा शैलजाच्या ओळखीचा होता. तिच्या लग्नात रणधीरच्या मामांना फेटा उशिरा बांधला म्हणून ते चार वाजेपर्यंत जीपमध्ये पाठ करून बसले होते.

"राहू दे," खोतसाहेब म्हणाले. "आमचं काय एवढं."

"असं कसं साहेब. सगळ्यांत पुढं तुम्हीच," रणधीर म्हणाला, आणि गाडी सगळ्यांदेखत आणखी हातभर पुढं गेली. आवाज झाला नाही. दारातली शैलजाची एक चप्पल तेवढी सरकली.

मग काय, आवळा देऊन कोहळा काढायचं सोडून यानं कोहळेच वाटायला सुरुवात केली. क्लासवाले डोंगरे सर आले, त्यांना पुढं घेतलं. मगदूमशेठ फुगले, त्यांना पुन्हा पुढं घेतलं. गुरुवारपासून हातभरावर भागेना, मोठ्या माणसांना मोठी लांबी लागायची. नाक रस्ता ओलांडून गेलं. शेजारणींनी त्यावर मिरच्या वाळत घातल्या. ट्रॅफिक हवालदार गाडी कुणाची म्हणून दम भरायला आला आणि जाताना आपल्या सासऱ्यांचा फोटो देऊन गेला.

केतकी सकाळी सातला हेल्मेट घालून सीटवर बसायची. सीट होती तिथंच होती, शेडात, मागच्या भिंतीला लागून.

"आई, मला पुढची चाकं दिसत नाहीत," ती म्हणाली.

"आरशातून बघ."

"आरसा मागचं दाखवतो. मी सकाळी स्टिअरिंग उजवीकडं फिरवलंय. अजून तिकडं पोचलं नसणार."

पोचलं दुपारी. भाजी मंडईपाशी चाकं उजवीकडं वळल्याचा फोन आला.

त्या दिवशी शैलजाचा संयम सुटला. "अहो, नाही म्हणा कुणाला तरी. एकाला. तोंडाला लकवा मारतो का तुमच्या?"

"म्हणतो," रणधीर म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. "हां हां. पुढंच की. सगळ्यांत पुढं." शेडाचा पत्रा किंचित हलला.

शैलजा सीटपाशी गेली आणि थबकली. सीटच्या बाजूला केतकीचं नाव होतं, तिनं स्वतः कापून लावलेलं. तिथं आता डोंगरे सरांच्या क्लासचा फोन नंबर होता.

"हिचं नाव कुठाय?"

"जागा कमी पडली अगं. ती काय, घरचीच आहे. घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं असतं."

शैलजा बावीस वर्षं शेवटच्या पंगतीला बसली होती. त्या पंगतीत तिच्या ताटात एकदाही जिलेबी आली नव्हती. भाताची खरवड यायची आणि वर वाढणाऱ्याचं, 'वहिनी, तुमच्यापाशी काय संकोच.' तिचा जीव असा जळला की तिनं त्याच पावली घरी जाऊन केतकीच्या नावाचा नवा स्टिकर कापला, साबणाच्या पाण्याची बाटली घेतली आणि रिक्षा केली.

नाक तेव्हा हायवेच्या पुलाखाली होतं. तिनं टोक पुसलं, पाणी मारलं, स्टिकरचा कागद सोलला आणि हात पुढं केला, तर हाताखाली टोकच नव्हतं. ते वीस पावलं पुढं होतं. ती धावली. पुन्हा पाणी मारलं. ते पुन्हा गेलं. तिकडं शेडात रणधीरचा फोन चालू होता. चौथ्यांदा तिनं पाण्याची बाटली रस्त्यावर आपटली आणि चालत घरी आली.

शनिवारी नाक आपलं आपण अकरा किलोमीटरवरच्या ट्रॅकवर पोचलं. "बघ," रणधीर म्हणाला. "टेम्पो करायला नको."

रविवारी सकाळी केतकी शेडातच राहिली. "सीट इथं आहे. मी तिथं येऊन काय करू," ती म्हणाली. ते बरोबरच होतं. शैलजानं तिला डबा दिला, हेल्मेटचा पट्टा ओढून बघितला आणि म्हणाली, "लाल दिवे विझले की फोन करते. मग निघ."

ट्रॅकवर अकरा गाड्या रेषेवर उभ्या होत्या. बारावं इंगवल्यांचं नाक. त्याच्यासमोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडून सगळे शुभेच्छुक बसले होते. दिवे एकेक करून लाल होत होते, तेव्हा खोतसाहेबांनी टोकाकडं पाहिलं. टोकावर हवालदाराचे सासरे होते.

"राहू दे," खोतसाहेब म्हणाले.

"अहो कृपा करा, गप्प बसा," शैलजा नवऱ्याला म्हणाली. "दोन मिनिटं. तुमच्या पाया पडते."

रणधीरनं तिच्याकडं पाहिलं. त्याला खरंच वाईट वाटत होतं, हे तिला दिसलं. मग तो वळला आणि म्हणाला, "साहेब, सगळ्यांत पुढं तुम्हीच."

नाक निघालं. त्यानं वळणं नीट घेतली आणि फेरी पुरी केली. मगदूमशेठ खाकरले, त्यांनाही शब्द मिळाला, दुसरी फेरी झाली. डोंगरे सरांनी चष्मा काढून पुसला, तिसरी झाली. दहाव्या शब्दाला दहावी फेरी संपली, ट्रॅकवर भलीमोठी जिलेबी पडली आणि नाक खुर्च्यांपुढं येऊन थांबलं. बाकीच्या गाड्यांना हलायला जागाच उरली नव्हती. काळा-पांढरा झेंडा पडला. लाल दिवे अजून विझायचे होते.

दहावा शब्द पुन्हा खोतसाहेबांनाच होता, म्हणून रणधीरनं त्यांचा फोटो टोकावर चिकटवला. पंच वही घेऊन आले. त्यांनी टोकावरचा फोटो पाहिला, खुर्चीतला माणूस पाहिला आणि लिहिलं. "पहिले, खोतसाहेब. वरच्या वर्गाची सीट यांना."

साठीतल्या खोतसाहेबांनी फेट्यावर हेल्मेट चढवून बघितलं. बसलं. "अगदी घरच्यासारखं केलंत," ते म्हणाले.

रणधीर रडत होता. "शैला, आपली गाडी जिंकली."

"आणि केतकी?"

"ती काय, घरचीच आहे," तो म्हणाला आणि पेढे वाटायला खुर्च्यांकडं गेला.

शैलजाच्या पर्समध्ये केतकीच्या नावाचा स्टिकर तसाच होता, कागदासकट. फोन वाजला.

"आई, लई वेळ झाला," केतकी म्हणाली. "दिवे विझले का?"

शैलजानं वर पाहिलं. दिवे तेव्हाच विझत होते. नाकासमोर खुर्च्या होत्या, खुर्च्यांत सगळे फेटे होते आणि पेढ्याचा बॉक्स घेतलेला नवरा होता.

"विझले," ती म्हणाली. "निघ."

तिनं गाडीच्या टोकावर हात ठेवला. बराच वेळ हाताला काही जाणवलं नाही. मग तळहाताखाली बारीक थरथर सुरू झाली, आणि खोतसाहेबांच्या फोटोच्या गालावर एक सुरकुती उठली.