चौथ्या खोलीतली हजेरी

विमा कार्यालयातल्या साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि संगणकाकडं पाहतच विचारलं, "ताई, कामावर असताना बेकारीचा भत्ता कसा मागता?"

"कामावर न्हाय साहेब. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी काढलं मला," शिवांजली म्हणाली.

"तुमच्या नावावर सप्टेंबरचे सव्वीस दिवस आहेत. एकही खाडा नाही."

शिवांजलीला हसू आलं. "मी एवढी इमानी कवा झाले?"

साहेब हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही.

मी शिवांजलीची चौथीपर्यंतची बाई. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी माझ्या ओसरीवर लहान मुलं पाढे म्हणायला येतात आणि मोठी झालेली मुलं फॉर्म भरायला. नोकरी गेलेल्या विमेदार कामगाराला तीन महिने अर्धा पगार मिळतो, हे शिवांजलीनं कुठूनतरी ऐकलं होतं. तिची मुलगी बार्शीला वसतिगृहात नववीत शिकते. हा भत्ता मिळाला नाही तर दिवाळीला घरी येणारी पोर परत जाणार नव्हती. म्हणून आम्ही दोघी सकाळची एसटी धरून इथवर आलो होतो.

शिवांजली फटाक्यांच्या कारखान्यात होती. तेरखेड्याच्या पुढं माळावर पत्र्याच्या चार खोल्या, भोवती तारेचं कुंपण. चौथ्या खोलीत नळकांड्यांत दारू भरतात. त्या खोलीला दोन दारं आहेत. मागचं दार पळायला. श्रावणात माल वाढला तशी त्या दारापुढं खोकी रचली गेली. शिवांजलीनं मुकादमाला सांगितलं, "खोकी हलवा, न्हायतर मी आत बसत न्हाय." व्यंकट मुकादम म्हणाला, "मग बसू नको." एवढंच झालं होतं.

"म्हणजे तुमच्या नावावर दुसरंच कुणीतरी काम करतंय," साहेब म्हणाले. "तक्रार घेतो मी. पण नुसत्या शब्दावर तपासणी लागत नाही. तुमच्या नावाला कोण ओ देतं, ते सात दिवस तारीखवार लिहून आणा. दोघींच्या सह्या करा."

दुसऱ्या दिवशी आठाच्या आधी आम्ही फाटकासमोरच्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिलो. आत बायका रांगेत होत्या. व्यंकट वही धरून नावं घेत होता. सोनाली, हजर. कडूबाई, हजर. मग तो म्हणाला, "शिवांजली."

"हजर."

शिवांजलीनं माझा दंड धरला. आवाज आम्ही दोघींनीही ओळखला होता. मी तर तो पंचवीस वर्षांपूर्वीच ओळखला होता.

तेव्हा शाळेत ऐंशी टक्के हजेरी असली की मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा. शिवांजली आठवड्यातले दोन दिवस शेळ्यांमागं असायची. मी नाव घेतलं की तिच्या शेजारी बसणारी शबनम मान खाली घालून "हजर" म्हणायची. आवाज बदलायचीही नाही. मी ऐकायचे आणि हजेरी मांडायचे. एका घरात भात शिजतोय, तर आपण कशाला आडवं यावं, असं मला वाटायचं. वर्गातली पोरं एकमेकांकडं बघून हसायची. खोटी हजेरी लावलेली चालते, हे मीच त्यांना शिकवलं होतं.

दुपारच्या सुट्टीत शबनम कुंपणापाशी आली. तिच्या बोटांना फटाक्यांची चंदेरी पूड लागली होती, भुवईवरही एक रेघ चकाकत होती. मला पाहून तिनं पदर नीट केला.

"सलाम, बाई. लई वाळला तुम्ही."

शिवांजलीनं नावाचं काही काढलंच नाही. तिनं विचारलं, "खोकी हलवली का?"

"कुठली?"

"मागल्या दाराची गं."

"आता तर पत्र्याला टेकल्यात," शबनम म्हणाली. "तू गेलीस तवा कमरंएवढी व्हती."

"अन् तू आत बसतीस?"

"मग कुठं बसू, तुझ्या डोक्यावर? नवं नाव घातलं की नवी तपासणी लागती म्हणं. मुकादम म्हणला, शिवांजलीच्या नावावर ये, पगार हातात देतो. वसीम, नवरा माणूस, घरी बसून हाय. ढोकीचा साखर कारखाना सुरू झाला की उसाच्या ट्रॅक्टरवर जाईल, मग मी सोडते. दिवाळीला अकरा दिवस राहिल्यात. तवर कळ काढ की."

"माझ्या पोरीची शाळा जातीया, शबनम."

"अन् माझ्या पोरांचं पोट?" तिनं तार दोन्ही हातांनी धरली. "तुझ्यासाठी सारखं हजर म्हणले मी. तांदूळ तू खाल्लास. आता चार दिवस माझ्यासाठी गप बस. बाई, तुम्ही सांगा हिला. तुम्हीच तर चालवून घेत होता."

मी म्हणाले, "शाळेच्या खोलीची दोन्ही दारं उघडी होती, बाळा."

तिनं वळून चौथ्या खोलीकडं पाहिलं.

"आत काही झालं," मी सावकाश सांगितलं, लहान मुलाला गणित समजावावं तसं, "तर कागदावर कोण गेलं? शिवांजली. आणि ती तर इथं उभी आहे. मग तुला कुणी शोधायचं? वसीमनं कुठल्या नावानं विचारायचं?"

शबनमनं तार सोडली. "असलं बोलू नका, बाई. आमी दिवसभर त्याच्यातच बसतो," ती म्हणाली आणि आत गेली. शिवांजलीनं तिला दोनदा हाक मारली. तिनं मागं पाहिलं नाही.

त्या संध्याकाळी शिवांजली माझ्या ओसरीवर आली. म्हणाली, "लिव्हा, बाई. ती जन्मभर बोलली न्हाय तरी चालंल. पण माझ्या नावानं तिला तिथं बसू देत न्हाय मी."

मी शंभर पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले. तारीख. पुकारलेलं नाव. ओ देणारीचं खरं नाव. खोली. आत गेल्याची वेळ. बाहेर आल्याची वेळ. शेवटचा रकाना साहेबांनी मागितला नव्हता. तो मी माझ्या मनानं आखला.

तपासणी लागायला सात दिवस हवेत, आणि त्यातला एकेक दिवस शबनमनं चौथ्या खोलीत काढल्याशिवाय या वहीत भरत नाही. हे मला वही आखतानाच कळलं होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांना फोन करून म्हटलं, निदान दाराचं तरी बघा. ते म्हणाले, दारं आमच्याकडं येत नाहीत. ज्यांच्याकडं येतात त्या कारखाना निरीक्षकांना मी पत्र टाकलं. पोच आली, माणूस आला नाही.

तिसऱ्या दिवशी व्यंकट लिंबाखाली आला. "बाई, उन्हात कशाला? चहा सांगू का?"

"नको."

"वही चांगली हाय." त्यानं वाकून पाहिलं. "शिकवणी अजून चालती म्हणं तुमची. किती पोरं येतात?"

"येतात दहा-बारा."

"ओसरी रस्त्याला लागूनच हाय न्हवं तुमची," तो म्हणाला. "गाड्या लई वाढल्यात आता. जपत जावा."

तेव्हापासून मुलांना मी आतल्या खोलीत बसवते. दार उघडं ठेवते.

चौथ्या दिवशी शबनमला रांगेच्या शेवटी उभं केलं होतं. पाचव्या दिवशी मालाचा टेम्पो अगदी फाटकात लावला होता. दिसलं काहीच नाही, पण आवाज आला. शिवांजलीनं लिहिलं, मी सही केली.

आज सहावा दिवस. दिवाळी तोंडावर आल्यानं हजेरी साडेसातलाच घेतली, आम्ही कशाबशा पोचलो. नावं भराभरा जात होती.

"शिवांजली."

उत्तर आलं नाही.

"शिवांजली," व्यंकटनं पुन्हा म्हटलं आणि मान वळवून आमच्याकडं पाहिलं.

रांगेच्या टोकाला शबनमनं मान वर केली. तीही आमच्याकडंच पाहत होती. कुंपणापाशी बोललो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच.

"हजर," ती म्हणाली.

मी लिहिलं: शबनम वसीम, खोली चार, आत सात वाजून चाळीस मिनिटांनी. पोरी आत गेल्या. व्यंकटनं पुढचं दार लोटून घेतलं. मागच्या बाजूला एक माणूस अजून खोकी आणून टाकत होता.

आता अकरा वाजलेत. ऑक्टोबरचं ऊन चढलंय, पत्रा तापून कडकड वाजतोय. प्रत्येक आवाजाला शिवांजली उठून उभी राहते आणि पुन्हा खाली बसते. घरी पोरं वाट बघत असतील, पण मी इथून हलत नाही. वहीतला शेवटचा रकाना कोरा आहे, आणि तो भरल्याशिवाय मला वही मिटता येत नाही.