रायफलीला लागलेली दृष्ट

त्या सकाळी रेंजवर नेम धरायचं सोडून सगळे एका टेबलाभोवती कोंडाळं करून उभे होते. टेबलावर एक रिकामी रायफल, तिच्यावर काळं कापड आणि कापडाखाली मंत्राने नेम सुधारून देणाऱ्या नेमबाबांचे दोन्ही हात.

"वारा बांधला, दिशा बांधली," बाबा पुटपुटत होते. मागे कोणाला तरी शिंक आली, तर तिलाही त्यांनी नुसत्या नजरेने बांधलं.

कापड निघालं. तोवर कागदभर उधळणाऱ्या गोळ्या आता एका जागी जमू लागल्या. शिकवणाऱ्या सरांनीही हात जोडले.

पुढची रायफल माझ्या भाचीची होती. दुसऱ्या दिवशी तिची निवड चाचणी, आणि गोळ्या कुठेही जात होत्या. आदल्या दिवशी बाबांनी निदान केलं होतं, "जवळच्या मैत्रिणीची दृष्ट आहे." झालं, भाचीने लहानपणापासूनच्या मैत्रिणीशी बोलणंच टाकलं. ती पोरगी मागच्या बाकावर एकटी बसली होती. मला संताप आला तो याचा. नेम आज ना उद्या सुधारेल, पण अशी मैत्रीण कुठून आणायची?

मी दातांची डॉक्टर. आदल्या संध्याकाळी सवयीने रायफलीवरची दुर्बीण हलवून पाहिली, तर खिळखिळी दाढ हलावी तशी हलली.

"अगं, हे स्क्रू आवळत का नाही तुम्ही?"

"सर रागावतात, मावशी. स्क्रूला हात लावायचा नाही, असा नियमच आहे."

पोरं उगाच पिरगाळत बसतात म्हणून केलेला नियम. त्यामुळे स्क्रूकडे कोणी बघतही नव्हतं, आणि गाडीतून हिंदकळत येणाऱ्या रायफली ढिल्या होत होत्या. मी स्क्रू तसेच ठेवले आणि कोणी फिरवले तर कळावं म्हणून प्रत्येक स्क्रूवरून दुर्बीण धरणाऱ्या खालच्या कडीपर्यंत नेलपॉलिशची बारीक सरळ रेघ ओढून ठेवली.

बाबांनी कापडाखाली हात घातले. वारा पुन्हा बांधून झाला. भाचीच्या गोळ्या एकमेकींना चिकटून लागल्या आणि लोकांनी "वा" म्हटलं. मी रायफल रिकामी करून घेतली आणि सरांना जवळ बोलावलं.

"सर, स्क्रूंवरच्या या रेघा कापड घालण्याआधी सरळ होत्या. आता बघा."

सगळ्या रेघा मोडल्या होत्या. स्क्रू चांगले आवळलेले होते.

"मंत्राने फिरले," बाबा म्हणाले.

"मग आता कापडाशिवाय फिरवा."

"मंत्राला अंधार लागतो, ताई."

"आणि किल्ली?" बाबांच्या गळ्यातल्या ताइतांच्या जुडग्यात एक वाकडी, सहा कोनांची किल्ली लोंबत होती. देवाची कृपा म्हणून आम्ही सगळे तिच्याही पाया पडत होतो.

बाबांनी ती काढून दिली. मी स्क्रू ढिले केले आणि भाचीच्या गोळ्या पुन्हा भरकटल्या. मग मागच्या बाकावरच्या मैत्रिणीला बोलावून किल्ली तिच्या हाती दिली. जिची दृष्ट लागली म्हणत होते, तिनेच स्क्रू आवळले. गोळ्या जरा डावीकडे गेल्या, पण सगळ्या एकत्र. सरांनी दुर्बिणीची नेम सरकवायची खुंटी थोडी फिरवली आणि पुढची गोळी मधोमध बसली.

"नियम बदलावा लागेल," सर खाली बघत म्हणाले.

मंडळी, मंत्र-तंत्र कशाला? नेम चुकला की आधी हत्यार तपासा. माणसाकडे बोट दाखवायची घाई करू नका. बोट दाखवायला काहीच लागत नाही, म्हणून तर ते आधी सुचतं.

भाची मैत्रिणीसमोर मान खाली घालून उभी राहिली. "चुकलं माझं. उद्या येशील ना? स्क्रू तूच बघ."

"आणि पुन्हा दृष्ट लागली तर?"

"तर आवळ."