ऊबखोली

दुपारच्या बातम्या संपता संपता रेडिओवर हवामान विभागाचा हिवाळी अंदाज सांगितला, आणि बारकीने हातातली ओली चादर टोपलीत टाकून आरोळीच ठोकली.

"मामा, ऐकलंत? सरासरीपेक्षा जास्त पाऊस! दिवसाही गारठा! थंडीचे सुरुवातीचे सगळे आठवडे ढगाळ!"

इस्त्रीच्या टेबलामागून मामांनी मान वर केली. ते तिचे सख्खे मामा नव्हेत. तिच्या जन्माआधीपासून या लाँड्रीत इस्त्री करत होते, म्हणून मामा. तीसुद्धा आता दोन मुलांची आई होती, पण इथे अजून बारकीच.

"लोक छत्र्या शोधायला लागलेत आणि तू नाचतेस," ते म्हणाले. "पावसाने खूश होणारा लाँड्रीवाला मी आयुष्यात एकच पाहिला होता."

तो एक म्हणजे तिचे बाबा. त्यांनी मागच्या अंगणात, बॉयलरच्या भिंतीला लागून एक खोली बांधली होती. बॉयलरचे गरम नळ खोलीभर जमिनीलगत फिरवले, वर आडव्या दांड्या बसवल्या, आणि ऊब जराही वाया जाऊ नये म्हणून बारीकसारीक फट स्वतःच्या हाताने लिंपली. नाव ठेवलं ऊबखोली. भर पावसात कपडे वाळवून देणारी आपली एकच लाँड्री असेल, ही त्यांची ऐट. पण पावसाने यायला हवं ना! या गावात पाऊस यायचा तो थंडीतच, आणि खोली झाल्यापासून दर हिवाळा लख्ख उन्हाचा गेला. गच्चीवर कपडे हां हां म्हणता कडकडीत वाळायचे. अंदाज ऐकला की बाबा रेडिओवरच खेकसायचे, "यंदाही कोरडा? लाजा कशा वाटत नाहीत यांना!"

या उन्हाळ्यात ते गेले.

शेजारचा चपलांचा दुकानदार गोदामासाठी ती खोली मागत होता. आई आधी "बघू" म्हणायची, आता म्हणत होती, "या हिवाळ्यात उपयोगाला आली तर ठीक, नाहीतर देऊन टाकू. बंद दार रोज बघवत नाही मला." म्हणून बारकीचा हा नाच.

अंदाजाने शब्द पाळला. थंडी पडली आणि तिच्या पाठोपाठ पाऊस आला, तो हटेचना. पन्हळीतून धार लागली, रस्त्यावरून माणसं खांदे आखडून पळू लागली. लॉजच्या चादरींचा गठ्ठा धुऊन तयार होता. बारकीने सकाळीच नळांची चावी सोडली. तिघांनी मिळून चादरी दांड्यांवर टाकल्या. दार लावलं आणि लगेच पुन्हा किलकिलं करून तिने आत डोकावलं.

"सारखं उघडून बघू नकोस," मामा म्हणाले. "भात नाही शिजत आत."

जेवणं झाल्यावर तिने दार उघडलं आणि वाफेचा लोट अंगावर आला. चष्मा पांढरा झाला. भिंतींवरून पाणी ओघळत होतं, चादरी ठिबकत होत्या.

"धुतल्या होत्याच," मामा हळूच म्हणाले, "आता उकडल्यासुद्धा." पण त्यांना स्वतःलाच हसू आलं नाही.

आईने एक चादर चाचपली आणि पदराला हात पुसला. "त्यांना वाटायचं होईल म्हणून. नाही झालं. चपलावाल्याला सांगते उद्या." ती आत निघून गेली.

बारकी तिथेच उभी राहिली. चादरी तरी काढायला हव्या होत्या. दाराजवळची पहिली चादर ओढली आणि तिचा हात थबकला. चादरीचा खालचा कोपरा कोरडा होता. चक्क कोरडा, करकरीत! ती गुडघ्यांवर बसली. उंबऱ्याशी बाबांनी मारलेली रबराची पट्टी एका बाजूला सुटली होती, आणि तिथून बाहेरची गार हवा तिच्या बोटांना लागत होती.

"मामा! ऊब भरपूर आहे हो! ओल जाणार कुठून? त्यांनी एक फट ठेवली नाही!" मग स्वतःशीच बोलल्यासारखं ती म्हणाली, "बाबांचं चुकलं."

मामा आत गेले. छिन्नी आणि हातोडा घेऊन आले.

ठोका पडायच्या आधीच आई दारात हजर. "खबरदार! त्यांनी लिंपलेल्या भिंतीला हात लावशील तर!"

"आई, त्यांना एक पावसाळी दिवस मिळाला असता ना, तर त्यांनीच फोडली असती."

"ते? ते आधी सगळ्यांशी भांडले असते!"

"हो, भांडले असते. आणि मग फोडली असती."

आईने पदर खोचला. मग पुढे आली आणि बोट दाखवलं. "तिथे नको, त्यामागे नळ आहे. वर फोड, छताजवळ. बांधताना कंदील मीच धरला होता."

मामांनी स्टूल धरलं. बारकीने घाव घातले. पहिली वीट हलेना, दुसऱ्या बाजूने ठोकल्यावर ती धप्पकन बाहेर अंगणात पडली, आणि त्या भोकातून वाफेचा पांढरा झोत सुसाट पावसात निघाला. मामा लहान पोरासारखे ओरडले, "निघाली! निघाली बघ!" आईने खालून उंबऱ्याची उरलेली पट्टी स्वतःच उपटून काढली.

आता मामाच दर थोड्या वेळाने दार किलकिलं करून बघत होते. भिंती सुकल्या. चादरींचं ठिबकणं थांबलं. दिवे लागायच्या आत पहिली चादर खाली आली. बारकीने आणि आईने दोन-दोन कोपरे धरून ती ताणली, तशी ती फट्‌ असा आवाज करून ताठ झाली. घडी घालत दोघी समोरासमोर आल्या. आईने आपले कोपरे तिच्या हातात दिले, पण तिचे हात लगेच सोडले नाहीत. नाक मात्र जोरात ओढलं.

"पुढचा गठ्ठा टाक," ती म्हणाली. "बघत काय उभी राहिलीस? मी चपलावाल्याला सांगून येते, दुसरी जागा बघा म्हणावं."

"अहो ताई, छत्री!" मामांनी हाक मारली.

"भिजले तर वाळेन की!" आई रस्त्यातून म्हणाली, आणि भर पावसात चालू लागली.