बारावी सुई

राहीच्या दंडाची कातडी डॉक्टर गुप्त्यांनी चिमटीत धरली, सुई टेकवली, पण आत सारली नाही.

चिमटीतली कातडी गरम होती. उन्हातून चालत आलेल्या माणसाचं अंग तापतं तशी नव्हे, आतून भाजणारी. त्यांनी टेबलावरच्या कार्डाकडे पाहिलं. कंपाउंडर मकसूदनं दोन मिनिटांपूर्वी तिच्या जिभेखालचा थर्मामीटर काढून त्यावर आकडा लिहिला होता. अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. शाई अजून वाळायची होती.

"राही, ताप आहे का तुला?"

"न्हाय, डाक्टर."

"अंग मोडून आलंय? रात्री थंडी वाजली होती?"

"न्हाय वाजली." तिनं दंड आणखी पुढे केला. "टोचा ना. बारावी हाय."

बारावी आहे हे डॉक्टरांना कुणी सांगायला नको होतं. नागावाबाहेर, वाडीच्या टोकाला, नारळ साठवायच्या या जुन्या खोलीत दर मंगळवारी ते महारोगाच्या बावीस रोग्यांना कडू कवठीच्या तेलाच्या सुया देत होते आणि प्रत्येक सुई त्यांना पाठ होती. औषध नवं नव्हतं. नवी होती ती डॉक्टरांची रीत. बाकीचे दवाखाने अर्ध्या सी. सी.नं सुरुवात करायचे आणि पुढचं पाऊल टाकताना इतके घाबरायचे, की रोगी बरा होण्याआधी कंटाळून घरी बसायचा. गुप्त्यांचं म्हणणं असं, की मात्रा दर आठवड्याला धीटपणानं चढवली तर बाराव्या सुईला पाच सी. सी. गाठता येते, आणि कुणाला काही होत नाही. हे म्हणणं त्यांनी मुंबईच्या डॉक्टरमंडळींसमोर एकदा बोलून दाखवलं होतं. मंडळी हसली नव्हती, पण चहा मात्र लगेच मागवला होता. तो चहा डॉक्टरांच्या घशाखाली अजून उतरला नव्हता.

म्हणून हा तक्ता. टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात तो लिफाफ्याशेजारी उघडा पडला होता. बावीस नावं, बारा रकाने, आणि शेवटी 'अपाय' असा एक रकाना, त्यात ओळीनं 'नाही'. अक्षर डॉक्टरांचं स्वतःचं. ते त्यांना आवडायचंही. एवढ्या आजच्या बाराव्या सुया नोंदवल्या, की मकसूद सायकलवरून लिफाफा अलिबागच्या टपालात टाकणार होता. मुंबईत तो मान्य झाला, की जिल्ह्याजिल्ह्यांतून हीच मात्रा सुरू होणार होती.

नियम दोनच होते. ताप शंभरावर असला तर त्या दिवशी सुई नाही, कारण औषध सोसलं नाही की रोग अंगातच उसळतो आणि त्याची पहिली वर्दी ताप देतो. आणि सुया सलग बारा. एक चुकली की मोजणी पुन्हा पहिलीपासून. बारा पुऱ्या झाल्या की डॉक्टर सहीशिक्क्याचा दाखला देणार : या माणसापासून इतरांना धोका नाही.

त्या दाखल्यासाठी राही अडीच कोस चालत यायची. तिच्या गावकीनं तिला शेताच्या बांधावर झोपडं घालून दिलं होतं. पाच वर्षांची पोर सासूजवळ, मनुबाईजवळ होती. होळीपर्यंत डॉक्टरचा कागद आणला तर घरात घेऊ, नाहीतर पोरीला तिच्या आत्याकडे पनवेलला कायमची धाडू, असं गावकीत ठरलं होतं. होळी शुक्रवारी होती.

डॉक्टरांनी सिरिंज ताटलीत ठेवली.

"बस जरा. पंधरा मिनिटांनी परत ताप बघू."

"कशाला? आता तर बघितला मकसूदभाईनं."

"मी कांडी नीट ठेवली होती, साहेब," मकसूद म्हणाला. आवाजात थोडी नाराजी होती. त्याच्या कामात खोट काढलेली त्याला खपत नसे, आणि खरं तर काढण्यासारखी सापडतही नसे.

"तुम्ही नीटच ठेवली असणार. तरी बघू."

राही स्टुलावर बसली. हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते तिनं. दारावरचं घड्याळ चालत होतं. ओटीवर बाकीचे रोगी बसले होते, पण तिकडून कुणाच्या बोलण्याचा आवाज येत नव्हता.

पाचेक मिनिटं गेली असतील.

"डाक्टर, घसा सुकलाय. येक घोट शहाल्याचा पानी घेऊन येतंय."

"नंतर."

"येकच घोट."

"राही, नंतर."

ती पुन्हा बसली, आणि डॉक्टर उगाच खिडकीशी जाऊन उभे राहिले. विहिरीवर भागोजी दोर ओढत होता. भागोजी या रोग्यांतला सगळ्यांत म्हातारा, सगळ्यांचा कारभारी. त्यानं जाळं वर घेतलं. जाळ्यात रात्रभर विहिरीच्या तळाशी राहिलेली शहाळी होती. एकेक फोडून तो ओटीवर देत होता. ज्याची पाळी जवळ आली होती तो घोट घ्यायचा, शहाळं शेजाऱ्याला द्यायचा आणि गप्प बसायचा. घोट मात्र गिळायचा नाही. गाल फुगवून बसलेली ती माणसं डॉक्टरांनी अकरा आठवडे पाहिली होती. आपल्या टिपणात त्यांनी एका जागी कौतुकानं लिहिलंही होतं, की रोगी फार शिस्तीचे आहेत, पाळी येईपर्यंत अवाक्षर बोलत नाहीत.

गार घोट तोंडात धरला, की थर्मामीटर ताप दाखवत नाही, हे डॉक्टरांच्या आता ध्यानात आलं. ते खिडकीपासून हलले नाहीत. हलले असते तर राहीकडे बघावं लागलं असतं.

पंधरा मिनिटं भरली. मकसूदनं थर्मामीटर झटकला, पुसला, तिच्या जिभेखाली ठेवला. काढला, उजेडात धरला, आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

एकशे दोन पूर्णांक सहा.

"कधीपासून?" डॉक्टरांनी विचारलं.

राहीनं पदरानं तोंड पुसलं.

"मी रागावणार नाही. कधीपासून येतोय ताप?"

"तिसऱ्या सुयेपासून. सुई झाली का दोन दिस येतो, मंग उतारतो. आता उतारत न्हाय."

"आणि बाकीच्यांना?"

तिनं दाराकडे पाहिलं. "त्यांचा मी कसा सांगू?"

"राही, अगं हे विष होऊ शकतं. म्हणून तर ताप बघतो आम्ही."

"तुमीच बोलला व्हता, येक चुकली का पयल्यापासून." ती भांडत नव्हती, आठवण करून देत होती. "पयल्यापासून केली आसती तर व्हळी कशी गाठली आसती? द्या ना डाक्टर. सोसल मी. आजवर सोसला तसा."

डॉक्टर खुर्चीत बसले. समोर पाच सी. सी. भरलेली सिरिंज, तिच्याशेजारी तक्ता, आणि त्यातला एकच रिकामा रकाना. त्यांच्या मनात एक विचार आला, आणि आला तेव्हा तो अगदी शहाण्या माणसाचा विचार वाटला. एकच सी. सी. टोचावी, कार्डावर पाच लिहावी. तिला दाखला मिळेल, तक्ता पुरा होईल, आणि एवढ्याशा मात्रेनं तिचं काही बिघडणारही नाही. कार्डावर अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार आहेच. मकसूद दोन वर्षांपासून हाताखाली होता. सांगितलं तर तोही गप्प राहील.

त्यांनी मकसूदकडे पाहिलं. मकसूद भिंतीकडे तोंड करून बाटल्या लावत होता. लावलेल्याच बाटल्या पुन्हा लावत होता.

डॉक्टरांनी राहीचं कार्ड ओढून घेतलं आणि उलटलं. मागच्या बाजूला नाकातल्या नमुन्यांची नोंद होती. सूक्ष्मदर्शकाखाली तीन वेळा तपासले होते. तिन्ही वेळा जंतू नाहीत. तिसरी तारीख पहिल्या सुईच्या आठ दिवस आधीची होती.

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. दाखला नमुन्यावर द्यायचा असतो, सुयांवर नाही, हेही माहीत होतं. पण दाखला हातात पडला की रोगी पुन्हा फिरकत नाही, हा त्यांचा अनुभव होता, आणि तक्त्याला तर बाराही आठवडे बावीस माणसं हवी होती. म्हणून त्यांनी दाखला बाराव्या सुईला बांधून टाकला. रोग्यांच्याच भल्यासाठी, असं त्यांनी तेव्हा स्वतःला सांगितलं, आणि ते त्यांना पटलंही. अट रोगाची नव्हती, तक्त्याची होती. माणसांनी ती इमानानं पाळली होती.

त्यांनी सिरिंज उचलली आणि तेल बशीत रिकामं केलं.

राही उठून उभी राहिली. "डाक्टर, नको. डाक्टर, माजी पोर…"

"बस खाली. दाखला लिहितोय."

ती बसली नाही. डॉक्टरांनी छापील कागद घेतला, तिचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, सही केली. शिक्का घाईत मारला आणि तो तिरका उठला. इतर वेळी त्यांनी कागद बदलला असता.

"सुई घेतल्याबिगर?" राहीनं विचारलं.

"हो. आता महिनाभर सुई नाही. ताप उतरेपर्यंत रोज इथं यायचं, मीही रोज येईन, गोळ्या देईन. घरी गेलीस तरी यायचं."

"मंग ह्यो कागद आदी देता आला आसता?"

खोटं बोलणं सोपं होतं. त्यांनी तोंड उघडलंही होतं.

"हो," ते म्हणाले. "मार्गशीर्षात देता आला असता."

राहीनं दाखल्यासाठी हात पुढे केला. बोटं मिटली ती कागदाच्या वीतभर अलीकडे, नुसत्या हवेत. तिनं पुन्हा बोटं उघडली आणि हात हळूहळू पुढे सरकवला, कागदाला लागेपर्यंत.

डॉक्टरांनी कागद सोडला नाही.

"वर बघ. उजेडाकडे."

तिनं पदर मागे घेतला. डाव्या डोळ्याची बाहुली वाकडीतिकडी आणि गढूळ झाली होती. महिन्यामागे तिनं चुलीच्या धुरानं डोळा लाल झालाय म्हणून सांगितलं होतं, आणि गर्दीत त्यांनी मकसूदकडून बोरिकचं पाणी देववलं होतं. उसळलेला रोग डोळ्यात उतरतो हे त्यांनी विद्यार्थी असताना वाचलं होतं, त्याखाली रेघही मारली होती.

"या डोळ्यानं काय दिसतं?"

"उजेड दिसतो."

"आणि तू मला सांगितलं नाहीस?"

"तुमी इचारला न्हाय." तिनं कागदाच्या चार घड्या करून चोळीत ठेवली. "तुमी दर मंगलवारी तापाचाच इचारला."

ती दाराबाहेर गेली. ओटीवरून उतरताना तिनं पायरी आधी पायानं चाचपली, मग उतरली. डॉक्टर बघत राहिले.

"साहेब," मकसूद हलक्या आवाजात म्हणाला, "टपालाची वेळ होत आली."

"सायकल राहू दे, मकसूद. आज टपाल नाही."

त्यांनी तक्ता घेतला, 'अपाय' या रकान्यात राहीच्या नावासमोरचं 'नाही' खोडलं, आणि तसाच पेन हातात धरून ते ओटीवर आले. माणसं भिंतीला पाठ लावून ओळीनं बसली होती. काहींचे गाल अजून फुगलेले होते.

"गिळा ते पाणी," डॉक्टर म्हणाले. "आज कुणाला सुई नाही, आणि कुणाची मोजणीही नाही. ज्यांचे नमुने साफ आहेत त्यांना आजच दाखला देतो."

मग एकेकानं घोट गिळला. तो आवाज डॉक्टरांना स्पष्ट ऐकू आला.

ओळीत पहिला भागोजी होता. डॉक्टर त्याच्यापासून चार हातांवर उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात वर केला.

"भागोजीबाबा, एक डोळा हातानं झाका. ही बोटं किती?"

भागोजीनं डोळा झाकला. बराच वेळ तो डॉक्टरांच्या दिशेनं बघत राहिला. मग हात खाली घेऊन त्यानं दुसरा डोळा झाकला, आणि तसाच बघत राहिला.

"डाक्टर," तो म्हणाला, "जरा जवल या."