उपग्रहाच्या जागी गेलेला ठोकळा

दचकलात? मीही दचकलो. आजवर मला कुणी ‘बोल’ म्हटलंच नव्हतं. आणि म्हणावं असं माझ्यात आहे तरी काय? मी अ‍ॅल्युमिनियमचा एक ठोकळा. दहा सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. वजन दोन किलो सहाशे ग्रॅम. आत ना वायर, ना बॅटरी.

माझा जन्म कोलकात्याच्या न्यू टाउनमधला. तिथे एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर, पूर्वी दातांचा दवाखाना होता त्या जागेत, अकरा माणसांची एक खाजगी कंपनी उपग्रह बनवते. हल्ली असं असतं. पूर्वी अवकाशात जायचं म्हणजे सरकारी काम. आता एक कंपनी उपग्रह बनवते, दुसरी रॉकेट उडवते, तिसरी मध्ये बसून दोघांचं जुळवून देते, पत्रिका जमवल्यासारखं. रॉकेटात जागा मिळते ती शेअर ऑटोतल्यासारखी. फरक इतकाच, की ऑटोवाला चौथ्या माणसासाठी थांबतो, रॉकेट थांबत नाही. बरं, जागा रिकामी सोडावी तर तोल बिघडतो. म्हणून उपग्रहाच्याच मापाचा, त्याच्याच वजनाचा एक ठोकळा करून ठेवतात. उपग्रह वेळेत तयार झाला नाही, तर त्याच्या जागी ठोकळा जातो. सीटवर टाकलेला रुमाल म्हणा ना!

मला जायचं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. मला उंचीची भीती वाटते. सातव्या मजल्यावरसुद्धा मी खिडकीकडे पाठ करून बसायचो. माझ्या कुठल्याही बाजूला पाठ म्हणता येत असल्यामुळे ते सोपं होतं.

मला सांभाळायची यामिनी. उपग्रह तिच्याकडे होता, त्यामुळे मीही. मुलगी हुशार, पण भित्री. लिफ्टची घंटी वाजली तरी दचकायची, आणि दचकली की तोंडाला येईल ते बोलून बसायची. बाकी माझं बरं चाललं होतं. दिवसभर दार उघडं राहावं म्हणून मला दारात ठेवत. येणारा-जाणारा प्रत्येकजण मला ठेचकळायचा आणि माझ्याकडेच रागाने बघायचा. माणसांचं हे मला कधी कळलं नाही.

मग दुर्गापूजा आली. ऑफिसला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी यामिनीच्या आईंचा, मीनाक्षीताईंचा, फोन आला. यामिनीचे बाबा बँकेत. बदली होऊन हे कुटुंब कोलकात्याला आलेलं, राहायला बागबाजारात.

“यामू, परवा खंडेनवमी. पूजेला बाबांचं पेन ठेवतेय, माझी विळी ठेवतेय. तुझं काय ठेवू?”

“लॅपटॉप ठेव.”

“त्यावर तू सिनेमे बघतेस. तुझ्या कामाचं काहीतरी आण. तो उपग्रहच आण ना!”

उपग्रहाला हातमोज्यांशिवाय कुणी हात लावत नाही, हे आईला समजावण्याची यामिनीची हिंमत झाली नाही. तिने इकडेतिकडे पाहिलं, मला उचललं आणि पिशवीत घातलं. बागबाजारच्या गर्दीत पोलिसाने पिशवी चाचपली. “एटा की?” हे काय, असं त्याने बंगालीत विचारलं. यामिनी दचकली. “सॅटेलाइट!” ती ओरडली. त्याने दोन्ही हातांनी वाट करून दिली. घरी आईंनीही तेच विचारलं आणि यामिनीच्या तोंडून तेच उत्तर गेलं.

पेन आणि विळीच्या मध्ये पाटावर माझी स्थापना झाली. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला ठेचकळलं नाही, उलट वाकून नमस्कार केला. मला फार अवघडल्यासारखं झालं. आईंनी माझा फोटो मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला: ‘आमच्या यामिनीचा उपग्रह. लवकरच अवकाशात.’ यामिनीने तो पाहिला, आणि त्या दिवसापासून तिला श्रीखंड गोड लागेना. आईला कळलं तर? मंडळाला कळलं तर? ती रोज मलाच विचारायची.

पण खरा उपग्रह जाणार होता, म्हणजे निभावणार होतं. कुणाला काय कळतंय!

उड्डाणाला तीन आठवडे उरले असताना उपग्रहाला चाचणीत हलवून पाहिलं, आणि त्याचा अँटेना उघडेना. आज उघडेल, उद्या उघडेल करता करता मुदत संपली. कंपनीचे मालक अनिंद्यदा हताश होऊन म्हणाले, “ठोकळा आणा.”

मी दारातच होतो. लपायला वेळही मिळाला नाही.

मला काट्यावर ठेवलं, तर मी दीड ग्रॅम जास्त! अनिंद्यदांनी माझ्या स्क्रूच्या भोकात टूथपिक घातली. पिवळे तांदूळ निघाले, मग लाल भुकटी.

“यामिनी, रॉकेटच्या मालात बिर्याणी लपवलीस?”

यामिनीने सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. विश्वकर्मा पूजेला त्यांनी स्वतः ड्रिलिंग मशीनला हार घातला होता. “पण आम्ही नंतर पुसतो,” एवढंच म्हणाले.

मला पुसून खोक्यात घालत होते, तोच आईंचा फोन. यामिनीने स्पीकर लावला, कारण हातात मी होतो.

“यामू, उड्डाणाच्या दिवशी टीव्हीवर बघायला मंडळातली चौदा माणसं येतायत. पेढे सांगू की इथली संदेश मिठाई?”

यामिनीला रडूच फुटलं. “काहीच सांगू नकोस. तू पूजा केलीस तो उपग्रह नव्हता गं! नुसता ठोकळा होता. मी खोटं बोलले. आणि खरा उपग्रह जातच नाहीये.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. यामिनी दचकली. मीही.

“मग रॉकेटात जातंय काय?”

“ठोकळा.”

“कुठला?”

“तोच.”

“हळदकुंकू लावलेला?”

“हो. पण आम्ही पुसलं.”

“पुसलंत?” आईंचा आवाज पहिल्यांदाच चढला.

मागून बाबांचं हसू ऐकू आलं. “मीनाक्षी, तू पूजा केलीस तो निघाला आणि नाही केलीस तो राहिला. पुढच्या वर्षी माझ्या प्रमोशनची फाइलसुद्धा पाटावर ठेव.”

“तुम्ही गप्प बसा. यामू, खोटं बोललीस त्याचं घरी आल्यावर बघते. चौदा जणांना मी सांगीन काय ते खरं. येतील ते येतील. संदेशच सांगते.”

चौदाच्या चौदा जण आले म्हणे.

उड्डाणाचं मी काय सांगू! डोळे मिटून घेतले असते, पण डोळे नाहीत. आता मी रॉकेटाच्या शेवटच्या तुकड्याला चिकटून पृथ्वीभोवती फिरतो, दीड तासात एक फेरी. काम काहीच नाही. खाली यामिनीच्या उपग्रहाचा अँटेना आता उघडतो, आणि त्याला दुसऱ्या एका कंपनीच्या रॉकेटात जागा मिळाली आहे. एवढ्या उंचीवरून मला हे कसं कळतं विचारू नका. रिकामा आहे, सगळं लक्ष तिकडेच असतं.

परवा संध्याकाळी मायलेकी गच्चीवर होत्या. आईंनी लुकलुकणाऱ्या लाल दिव्याला हात जोडले.

“आई, ते विमान आहे. दमदमला उतरतंय.”

“असू दे. त्याच्या मागे असेल.”

“मागे नसतो गं! असा नसतो तो!”

“तू मला शिकवू नकोस. पूजा मी केलीय.”

त्यांचं हे चाललं होतं, तेव्हा मी खरोखर त्यांच्या डोक्यावरून गेलो. एकीनेही वर पाहिलं नाही.

वर्षभरात मी हळूहळू खाली येईन आणि हवेत शिरताच जळून जाईन. मला त्याची भीती वाटते, लपवत नाही. पण क्षणभर चांगला लखलखाट होतो म्हणतात. तेव्हा तरी, बायांनो, भांडण थांबवून वर बघा.