पाणी माहेरी गेलं!

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. चारशे पानांची, जाड पुठ्ठ्याची. पंप दुरुस्तीच्या कार्यालयात टेलिफोनशेजारी माझा मुक्काम असतो. बांधणाऱ्याने मला दुहेरी दोऱ्याने शिवलं, म्हणून इतके हात लागूनही मी टिकले.

या कार्यालयात गावोगावचे फोन येत. कुणी म्हणे पंपाला ढास लागली, कुणी म्हणे पंप रुसला. ऐकणाऱ्यांच्या डोक्यावरून जाई. म्हणून साहेबांनी मला आणलं. ज्याला जो शब्द कळेल त्याने तो अर्थासकट लिहायचा. पाच जणांनी टिक केली की अर्थ पक्का, मग तो लाल शाईत. आणि महिन्यात ज्याचे लाल शब्द जास्त, त्याला पंख्याखालची खिडकीजवळची खुर्ची!

झालं, तिथेच माशी शिंकली. खुर्चीपायी माणसं बसल्या बसल्या अर्थ पाडू लागली. चहाच्या वेळी 'तू माझ्या शब्दाला टिक दे, मी तुझ्या' असा व्यवहार चाले. सगळ्यांत जुने काका तर सहा वर्षं त्या खुर्चीतून हलले नव्हते. आणि मी? लाल शाईने नटून नवरीसारखी मिरवत होते. खोटं कशाला बोलू?

मग एक नवी ताई आली. तीन महिन्यांच्या बोलीवर, पटली तर नोकरी कायम. बिचारी मला देवासारखी मानायची. शेवटच्या आठवड्यात रोपवाटिकेच्या आजींचा फोन आला, "पाणी माहेरी गेलंय." ताईने मला उघडलं. काकांच्या अक्षरात लाल शाईत लिहिलं होतं: विहीर आटली, पंपाचा दोष नाही. पाच टिका! ताईने आजींना अदबीने तसं सांगितलं आणि तक्रार बंद केली.

तिसऱ्या दिवशी आजी वाळक्या रोपांचा ट्रे घेऊन दारात हजर. ट्रे माझ्याच शेजारी आदळला.

"विहीर काठोकाठ भरलीय," आजी म्हणाल्या. "दुष्काळ तुमच्या वहीत पडलाय."

त्यांनी सगळं समजावून सांगितलं. पंप बंद केला की पाइपातलं पाणी खाली उतरून परत विहिरीत, म्हणजे आपल्या माहेरी जातं. सकाळी पंप नुसता घरघरतो. तळाची झडप गेलेली, अर्ध्या तासाचं काम!

साहेबांनी ताईला सांगून टाकलं, उद्यापासून येऊ नकोस. ताईचे डोळे भरले, पण तिने मला उचललं आणि टिक करणाऱ्या एकेकाला विचारलं, "हे तुम्ही कुणाकडून ऐकलंत?"

पाचही जणांनी काकांकडे पाहिलं. काकांनी पंख्याकडे पाहिलं. लाजेने माझी पानं चिकटायची वेळ आली. मित्रांनो, मला तोंड असतं तर मीच बोलले असते!

शेवटी काका उठले. "कुणाकडूनच नाही," ते म्हणाले. "मला खुर्ची सोडवत नव्हती. पोरीची चूक नाही, साहेब."

ताई राहिली. झडप त्याच दुपारी बदलली. काका स्वतः रोपांचा ट्रे परत पोचवायला गेले आणि आजींनी त्यांना संध्याकाळपर्यंत पाणी घालायला लावलं म्हणे!

आता प्रत्येक अर्थापुढे तो कुणाच्या तोंडून ऐकला, तेही लिहावं लागतं. तेव्हापासून माझा लाल साज बराच उतरलाय. काकांचा चुकीचा अर्थ ताईने खोडला, पण पान फाडू दिलं नाही.

परवा ऐकलं, मला संगणकात उतरवणार आहेत. तिथे म्हणे हजारो लोक टिक करतील. बाळांनो, तुम्ही टिक करायला गेलात तर एवढं करा, आधी आजीला विचारा. माझ्या त्या पानावर खोडलेल्या अर्थाला पाच टिका आहेत. त्याखाली खरा अर्थ आहे आणि त्याला एकच टिक आहे, आजींची, मातीने माखलेल्या बोटाने केलेली.