चौथीची ओळ

"पासष्ट? मारुतीराव, ही पासष्ट आणली कुठनं?" पद्मावतीबाईंनी हजेरीचा तक्ता टेबलावर आपटला.

शाळाखात्याच्या कचेरीतले कारकून मारुतीराव पानाला चुना लावत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "शेवटच्या ओळीत वर्गांची सरासरी मांडायची असती, बाई. पहिलीची हजेरी नव्वद टक्के, दुसरीची ऐंशी, तिसरीची सत्तर, चौथीची वीस. भागिले चार. पंचाहत्तरच्या खाली गेली की मुलींची शाळा बंद. हुकूम हाय."

"अवो, पहिलीत चाळीस पोरी आणि चौथीत एकटी कमला! त्या एकीच्या गैरहजेरीला चाळीस जणींएवढं वजन? डोकी मोजा की! एकसष्ट पोरींतल्या रोज एक्कावन्न हजर असत्यात. चौऱ्याऐंशी टक्के होत्यात!"

"डोकी मोजायला ही काय जत्रा हाय? तक्त्यात वर्ग चार हायत."

माणूस अडाणी असता तर बाईंनी समजावून सांगितलं असतं. पण मेल्याला हिशेब चांगला कळत होता, गालातल्या गालात हसत होता की! नवरा वारल्यावर घरात कोंडून न घेता बेळगावात मास्तरकीचं ट्रेनिंग करून आलेली ही बाई पहिल्या दिवसापासून त्याच्या डोळ्यांत सलत होती. बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. निपाणीजवळच्या त्या गावात पोरी गोळा करायला त्यांनी घरोघरचे उंबरे झिजवले होते. तिसरी झाली की पोरगी घरी बसवायची, हा गावचा रिवाज. आप्पाण्णांची कमला तेवढी हट्टानं चौथीत आली, म्हणून बाई एका पोरीचा वर्ग चालवत होत्या. आणि हंगाम लागल्यापासून आप्पाण्णांनी तिला तंबाखूची पानं खुडायला रानात जुंपलं होतं.

"सायबांना भेटते मी."

"साहेब फिरतीवर गेल्यात. तक्ता आजच्या टपालानं जाणार." मारुतीरावांनी टाक पुढं सरकवला. "एक वाट हाय बगा. चौथीची ओळ खोडा, पोरीचं नाव कमी करा. तीन वर्ग, भागिले तीन. ऐंशी. शाळा वाचली. फकस्त वर्ग एकदा मोडला की परत उघडायचा न्हाय."

"लाज न्हाय वाटत तुमाला?"

"मला? खोडणार तुमी."

दौत उचलून त्याच्या टाळक्यात घालावी, असं बाईंना वाटलं. पण साठ पोरी उद्या दप्तर घेऊन येणार होत्या. बाईंनी टाक उचलला. खोडताना इतका जोर लागला की कागद फाटला.

"सावकाश. सरकारी कागद हाय," मारुतीराव म्हणाले.

आठवड्याभरानं कमला दारात उभी राहिली. तंबाखूच्या चिकानं हात काळे झालेले, वेणी नीट घातलेली.

"रान आटपलं, बाई! आप्पा म्हनलं, आता रोज जा."

बाईंनी हजेरीचं पुस्तक उघडलं. कमला मागच्या भिंतीशी आपल्या जागेवर जाऊन बसली. बाईंनी हजेरी घेतली. तिसरीचं शेवटचं नाव झालं आणि त्यांनी पुस्तक मिटलं.

कमला उभी राहिली. "बाई, माझं नाव ऱ्हायलं."

"बस गप खाली!" बाई तिच्यावरच खेकसल्या, आणि फळ्याकडं तोंड करून पहिलीची बाराखडी लिहायला लागल्या.